दोन जुड्या

सिग्नल लाल होता. हे मी आतापर्यंत
सहा जणांना सांगितलंय.
तुर्भ्याला, मार्केटच्या अलीकडे, पहाटे सहा वाजून दहा मिनिटं,
गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला,
शेजारच्या सीटवर रिकाम्या नळ्यांचा डबा.
साडेसहापासून कोपरखैरण्याला लॅबबाहेर
उपाशीपोटी माणसं येऊन बसतात, त्यांच्यासाठी.

आधी आवाज, मग मान,
मग कोथिंबिरीचा वास.

टेम्पो ओतूरचा. चालवणारा सुदाम डुंबरे,
लायसन्सवरच्या फोटोत त्याला मिशी नव्हती.
अकराला निघालो ताई, घाटात दीड तास अडकलो,
बाजार उलगायच्या आत पोचायचं होतं,
डोळा लागला नाही, मिटला फक्त.
मी ओरडायला तोंड उघडलं
तोवर त्याने मागे जाऊन फाळका पाडला,
ओलं गोणपाट वर केलं
आणि दोन जुड्या माझ्या हातात ठेवल्या.
मुळांना माती होती.
मी घेतल्या. का घेतल्या, हा रकाना फॉर्मात नाही.

सेवेच्या दर्जासाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे.
गाडी उभी होती की थांबलेली?
फरक काय?
उभी म्हणजे पार्क केलेली, मॅडम. थांबलेली म्हणजे इंजिन चालू.
मी जरा वेळ गप्प राहिले, तेही रेकॉर्ड झालं असेल.
थांबलेली, म्हटलं. इंजिन चालू.

डोंबिवलीहून भाऊजींचा फोन:
सोडलंसच कसं त्याला?
तिथल्या तिथे पाच हजार काढायचे, चावी काढून घ्यायची.
चावी! त्याचा हात थरथरत होता, तो धरून
मी शंभरपर्यंत नाडी मोजली होती. सवयीने.
हे त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवारी सर्व्हेअर तळवडेकर गॅरेजमध्ये आले.
पत्र्याच्या दुमडीवरून त्यांनी अंगठा फिरवला,
मी शीर शोधते तसा, न बघता.
बंपर प्लास्टिकचा, अर्धा घसारा. रबर, अर्धा.
काचेला घसारा नाही.
काच जुनी होत नाही, म्हणाले,
असते नाहीतर नसते.
डाव्या दाराचा पोचा?
तो आधीचा, सोसायटीच्या गेटचा.
मग त्यांनी मोबाइल जरा उजवीकडे सरकवला
आणि पोचा फोटोबाहेर गेला.

बोनस जाईल तुमचा.
कुठला?
नो क्लेमचा. पाच वर्षं काही मागितलं नाहीत, त्याचे पन्नास टक्के.
पण चूक माझी नव्हती हो.
चुकीचं नाही मॅडम, मागण्याचं आहे.
त्याच्याकडूनच वसूल करायचं तर ट्रिब्युनल, ठाण्याला.
माझा भाचा गेला होता, असं म्हणून
त्यांनी पेनाला टोपण लावलं. पुढे भाच्याचं काय झालं
ते काही सांगितलं नाही.

रकाना सतरा:
समोरच्या पक्षाकडून काही भरपाई मिळाली आहे काय? असल्यास तपशील.

एका जुडीच्या वड्या त्याच संध्याकाळी झाल्या होत्या,
उकडून, कापून, तळून.
चार शेजारी कुट्टींकडे गेल्या.
आई म्हणाली, वास बघ कसा आहे, केवढ्याला जुडी?
अजून एस्टिमेट आलं नाही, मी म्हटलं.
दुसरी ओल्या फडक्यात, फ्रीजमध्ये.
फॉर्म भरला तेव्हा तिची टोकं पिवळी पडली होती.

मी लिहिलं: नाही.
खाली सही. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे
खरी व बिनचूक आहे.

बाराव्या दिवशी सुदामचा मेसेज आला,
ताई गाडी झाली का
पुढे प्रश्नचिन्ह नाही.

मी स्टॉपवर रिक्षाची वाट बघत होते, डबा कडेवर.
गाडी अजून गॅरेजमध्ये, मागचं दार काढलेलं,
रंगाच्या रांगेत चौथी.

झाली, असं लिहिलं.